चेहरा उद्या बघा

भाईंदरला गणपती घरी आणताना पोलिसांची भीती वाटावी असं कधी काही घडलं नव्हतं. उलट फाटकाजवळ रिक्षा अडकली आणि रुमालाने तोंड झाकलेली मूर्ती मांडीवर घेऊन बसलेली माझी आई दिसली, की हवालदारच शिट्टी फुंकत पुढे व्हायचा. "ए, साइड दे, साइड दे! बाप्पा आहे गाडीत!" मग टेम्पो मागे सरकायचे, बस थांबायची आणि आई हवालदाराकडे बघून अशी मान डोलवायची, की जणू हा सगळा बंदोबस्त तिनेच सकाळी सांगून ठेवला होता. पोलीस म्हणजे वाट मोकळी करून देणारा माणूस, एवढीच तिची समजूत. ती समजूत घेऊनच ती न्यूझीलंडला गेली.

ही गोष्ट दोन हजार सातच्या आसपासची. माझा मोठा भाऊ तिकडे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. समुद्राकाठच्या नेपियर गावाजवळ सफरचंदांच्या पॅकिंगचा कारखाना होता, तिथली यंत्रं दुरुस्त करायचं काम तो करायचा. वहिनी आमच्या जेसल पार्कातलीच, तीही त्याच्याबरोबर गेलेली. आषाढात एका रविवारी दादाचा फोन आला. तब्येतपाणी, पाऊसपाणी झालं आणि मग तो घसा साफ करून म्हणाला, "आई, यंदा इथे गणपती आणायचा म्हणतोय. तू ये. आणि येताना माझा पाट आण."

आई फोनवर इतका वेळ गप्प बसली की मला वाटलं लाइन कट झाली.

तिच्या गप्प बसण्याला कारण होतं. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्यात एक चूल तिथे एक गणपती. मुलाने स्वतःचा गणपती आणला म्हणजे तो वेगळा झाला, असंच लोक धरतात, आणि 'वेगळे झाले का?' हा प्रश्न कुणी मेल्यावर विचारतात तशा आवाजात विचारतात. त्यातून पाटाची भानगड होती. माझ्या जन्माआधी बाबांनी गावाहून फणसाची एक फळी आणून भाईंदरच्या सुताराकडून तिचे दोन पाट करून घेतले होते. एकावर गणपती बसायचा, दुसऱ्यावर पूजा करणारा. बाबांचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून, म्हणजे दहावीत असल्यापासून, त्या दुसऱ्या पाटावर दादा बसत आला होता. तो गेला तेव्हापासून तो पाट भिंतीला टेकवून ठेवलेला. आई दर शनिवारी पुसायची, पण त्यावर कुणाला बसू द्यायची नाही.

"येईन," आई शेवटी म्हणाली. "पाटही आणीन. पण परत नेईन. जोड मोडायची नाही."

म्हणजे भांडण काय ते फोनवरच ठरलं होतं. दादाला पाट हवा होता, कारण आपण इथे घर मांडलंय हे आईने मान्य करायला हवं होतं. आणि आईला पाट परत न्यायचा होता, कारण तिला ते मान्य नव्हतं. घरचा गणपती सांभाळायला बाबा भाईंदरलाच राहिले. मी ऑफिसात रजा टाकली आणि आईची दुभाषी म्हणून निघाले. या दुभाषीने पुढे काय दिवे लावले ते सांगतेच.

ऑकलंडच्या विमानतळावर तपासणीवाल्या बाईने पाट उलटापालटा करून पाहिला, भिंग लावून पाहिला, हुंगलासुद्धा. लाकडात कीड बिड नाही अशी खात्री झाल्यावर तिने तो दोन्ही हातांनी आईला परत दिला. "बघ, काय रीत आहे," आई खूश होऊन म्हणाली. "आपल्याकडे फेकला असता."

मूर्ती ऑकलंडलाच ठरवली होती. तिथे एक मराठी गृहस्थ दिवसा टपालखात्यात नोकरी करायचे आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये कुंभारकामाच्या मातीच्या पंचवीस-तीस मूर्ती करायचे. दादा-वहिनी आम्हाला घ्यायला ऑकलंडला आले होते. आम्ही सगळे दादाच्या मित्राकडे दोन दिवस राहिलो आणि हरतालिकेच्या सकाळी मूर्ती घ्यायला गेलो. सव्वा फुटाची, गोऱ्या रंगाची, डोळे अगदी शांत. आईने एकदाच बघून घेतलं आणि कपाळावरून लाल रुमाल खाली सोडून तोंड झाकलं. आता तो उघडायचा तो ज्या घरचा गणपती त्या घरच्या उंबऱ्यावर, भाकरतुकडा ओवाळून, पायांवर पाणी घालून. मधे कुणी बघायचं नाही. सप्टेंबरात तिकडे थंडी असते. गॅरेजच्या बाहेर वारा आला तशी आईने अंगावरची शाल काढून मूर्तीला गुंडाळली. "बाप्पा गारठेल," ती म्हणाली. वहिनीने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. उपास धरलेल्या बाईशी वाद घालायचा नसतो.

दादा गाडी चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी. मागे आई, तिच्या मांडीवर शालीतला गणपती, आणि शेजारी मी, माझ्या मांडीवर पाट. रस्ता साडेपाच तासांचा होता.

हिरव्या टेकड्या, त्यांवर मेंढ्या, पुन्हा टेकड्या, पुन्हा मेंढ्या. मला तर बघून बघून वेड लागायची पाळी आली, इतकं सुंदर होतं. आई मात्र काहीतरी शोधत होती. शेवटी तिने विचारलंच, "माणसं कुठे आहेत रे?"

"असतात गं. लांब लांब राहतात."

"मग तुझ्या आरतीला येणार कोण? मेंढ्या?"

दादा हसला, पण नीट हसला नाही. चार वर्षांत शेजाऱ्यांशी 'हॅलो'च्या पुढे बोलणं गेलं नव्हतं, हे त्याने आदल्या दिवशी मला एकटीला सांगितलं होतं. तौपोचा तलाव लागला. दादाने मुद्दाम गाडी थांबवून आईला दाखवला. पलीकडचा काठ दिसत नव्हता इतका मोठा, आणि पलीकडे बर्फाचे डोंगर. आई बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे. तुझी रूम इथून किती लांब?"

वहिनी चटकन खिडकीबाहेर बघायला लागली. आमच्याकडे गावचं ते घर आणि मुंबईत नोकरीपुरती राहायची ती रूम. आईने भाईंदरच्या जागेला स्वतः वीस वर्षांनी घर म्हणायला सुरुवात केली होती. दादाचं तीन खोल्यांचं घर तिने अजून पाहिलंही नव्हतं आणि ते तिने रूममध्ये बसवून टाकलं होतं. मला तिचा असा राग आला की मी पाटावर बोटं वाजवत बसले.

"आणि हे बघ," ती पुढे म्हणाली, "हा काही वेगळा गणपती नाही. भाईंदरचाच आहे. इथे पाहुणा म्हणून बसवतोय."

"हो आई," दादा म्हणाला. त्या आवाजात मला तो दहावीतला पाटावर बसलेला मुलगा ऐकू आला आणि वाईट वाटलं.

नेपियर अर्ध्या तासावर राहिलं तेव्हा रस्त्याचं काम लागलं. खडी टाकलेली, गाड्या मुंगीच्या पावलाने चाललेल्या. गाडी हादरायला लागली तशी आईने मूर्ती छातीशी धरली, डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या सवयीने पुटपुटली, "झालं हां, आलंच आता. झालं." तेवढ्यात समोरून एक पोलिसांची गाडी आमच्या अगदी शेजारून हळूहळू गेली. आतल्या पोलिसाने आईकडे पाहिलं. आईने त्याच्याकडे पाहून भाईंदरसारखी मान डोलवली.

दोन मिनिटांनी तीच गाडी दिवे लावून आमच्या मागे होती.

दादाने गाडी कडेला घेतली. त्याच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसला. कायमचं राहण्यासाठी त्याने अर्ज केला होता, कागद शेवटच्या टप्प्यावर होते, आणि पोलिसांचं एक प्रकरण अंगाला चिकटलं की सगळं मुसळ केरात, असं कारखान्यातल्या कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. "कुणी काही बोलू नका," तो म्हणाला. "मी बोलतो."

"घाबरतोस कशाला?" आई म्हणाली. "वाट करून द्यायला आला असेल."

पोलीस उंच होता, चाळिशीचा, नाक उन्हाने लाल झालेलं. त्याने दादाला अगदी सभ्यपणे नमस्कार-चमत्कार केला आणि मग मागच्या खिडकीशी वाकला. बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं. बाळाला मांडीवर घेऊन गाडीतून नेणं कायद्याने गुन्हा आहे, तो म्हणाला, त्याची वेगळी खुर्ची लागते. आणि बाळाच्या तोंडावर कापड का आहे?

"नो बेबी," आई आत्मविश्वासाने म्हणाली. "गॉड."

पोलिसाचा चेहरा बदलला. "मॅडम, मला बाळाचा चेहरा दाखवा."

"फेस टुमॉरो," आई म्हणाली. "टुडे नो फेस. टुमॉरो कम अँड सी."

त्याचा हात खांद्यावरच्या वायरलेसकडे गेला. पुढच्या सीटवर वहिनीला भीतीने हसू सुटलं आणि ते आवरायला तिने ओढणी तोंडात कोंबली, त्यामुळे ती रडतेय असं दिसायला लागलं. दादा लायसन्ससाठी खिसे चाचपत राहिला. तेव्हा दुभाषी म्हणून आलेल्या मला वाटलं, आपली वेळ आली. मी सगळं खरं खरं आणि क्रमवार सांगायचं ठरवलं.

"सर, काळजी करू नका," मी म्हणाले. "आम्ही याला आज सकाळी ऑकलंडहून एका माणसाच्या गॅरेजमधून आणलाय. उद्या याची पूजा करू, गोड खाऊ घालू. आणि परवा समुद्रात बुडवू."

दादाने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

"सगळ्यांनी हात दिसतील असे ठेवा," पोलीस म्हणाला, आवाज न चढवता. "आणि मॅडम, तुम्ही ते कापड काढा. आत्ता."

दादा मागे वळला. "आई, काढ रुमाल. प्लीज. काही होत नाही. माझे कागद अडकतील गं."

आईने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या तासांत पहिल्यांदाच तिला कळलं असावं, की हा मुलगा खरोखर घाबरलाय आणि इथे राहायला मिळावं म्हणून घाबरलाय. तिने रुमालाच्या टोकाला हात लावला. आता उघडणार, असं मला वाटलं. पण तिने हात मागे घेतला आणि पोलिसाकडे वळून, एकेक शब्द चाचपून ठेवत म्हणाली, "सर. फेस ओपन ओन्ली इन हाउस. हिज हाउस." तिने दादाकडे बोट केलं. "माय सन. हिज ओन हाउस. फर्स्ट टाइम."

दादा तसाच मागे वळलेला राहिला. वहिनीने तोंडातली ओढणी काढली.

पोलिसाला त्यातलं किती कळलं देव जाणे. पण आईने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. तिने शाल खालून वर गुंडाळायला घेतली. आधी उंदीर निघाला, हातात लाडू घेतलेला. मग गुलाबी नखं रंगवलेलं एक पाऊल. मग मोदकाची वाटी धरलेला हात, आणि मग दुसरा हात, आणि मग तिसरा.

तिसऱ्या हाताला पोलिसाने वायरलेस सोडला.

"टच," आईने हुकूम केला. "फीट. ओन्ली फीट."

त्याने एका बोटाने पावलाला हात लावला. माती लागली तशी त्याच्या लाल नाकापासून कानांपर्यंत काहीतरी पसरत गेलं, आणि मग तो गाडीचं टप धरून जो हसायला लागला, तो रस्त्याच्या कामावरची माणसं वळून बघेपर्यंत. वहिनीला आता आवरायचं कारण उरलं नव्हतं. मीही हसले, दादाही हसला, डोळे पुसत पुसत. आई तेवढी गंभीर होती.

"हं," ती मराठीत म्हणाली, "झाला याचा नमस्कार."

हसून झाल्यावर पोलीस पुन्हा पोलीस झाला. बाळ नसलं तरी एवढं वजन मांडीवर नको, तो म्हणाला. जोरात ब्रेक लागला तर तुमचा देव पुढच्या काचेतून बाहेर जाईल. आईला हे एकदम पटलं. "बरोबर बोलतोय तो," ती म्हणाली आणि मला दाराशी सरकवलं. मधल्या सीटवर फणसाचा पाट ठेवला, पाटावर गणपती, आणि पोलिसाने स्वतः वाकून, सोंडेला धक्का न लावता, त्याला पट्टा बांधला. मग दादा नको नको म्हणत असताना आईने पोलिसाला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. आमच्या रत्नागिरीकडे गणपतीच्या दिवसांत दारात आलेल्या माणसाला आमंत्रण न देता सोडत नाहीत, आणि हा तर पाया पडलेला माणूस. वहिनीने पत्ता लिहून दिला. त्याने कागद खिशात टाकला आणि बघू म्हणाला.

घर लागलं तेव्हा ऊन उतरत होतं. लाकडी, बैठं, पुढे चिमूटभर हिरवळ, कुंपणाशी फुललेलं एक पीचचं झाड. दादा मूर्ती घेऊन दारात उभा राहिला. भाईंदरला ओवाळायचा मान आईचा. तिच्या हातातलं ते ताट मी जन्मापासून बघत आले होते. आईने तांब्या भरला, भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, आणि ताट वहिनीच्या हातात दिलं.

"अगं, आई, तुम्ही..."

"मी पाहुणी," आई म्हणाली. "घरची बाई तू. ओवाळ."

वहिनीने ओवाळलं, दादाच्या पायांवर पाणी घातलं आणि रुमाल वर केला. आई सगळ्यांच्या मागे, अंगणात उभी होती. तिने तिथूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. एकवीस मोदकांतले नऊ उकडताना फुटले, ते मी खाल्ले. एक वाजायच्या सुमाराला दादाने आरतीचं ताट उचललं आणि घराबाहेर पोलिसांची गाडी थांबली. ताट इतकं हललं की एक निरांजन विझलं. पण आला होता तो जेवायलाच, ड्युटीच्या मधल्या सुट्टीत, हातात पीचच्या फुलांची फांदी घेऊन.

गंमत पुढेच आहे. त्या गल्लीत पोलिसांची गाडी कधी थांबत नसे. पाच मिनिटांत समोरची म्हातारी काठी टेकत रस्त्यावर आली. शेजारचा, सामोआ बेटांवरून आलेला धिप्पाड माणूस बायको-मुलींसकट कुंपणाशी येऊन उभा राहिला, सगळे काळजीत पडलेले. चार वर्षं हॅलो म्हणणाऱ्या या शांत माणसाने असं केलं तरी काय? आई दारात गेली, परिस्थितीवर एक नजर टाकली आणि दोन्ही हातांनी बोलावत ओरडली, "कम, कम! नो प्रॉब्लेम! फूड!"

आणि आले ना सगळे! आरतीला आम्ही धरून दहा माणसं होती. सामोअन मुलींनी टाळ्यांचा ठेका असा धरला, की दोन कडव्यांतच दादा त्यांच्यामागे फरपटत गेला. पोलीस टोपी काखेत धरून मूर्तीसमोर उभा राहिला आणि पुष्कळ वेळ तो चेहरा बघत राहिला. "चांगलं गुटगुटीत आहे बाळ," तो म्हणाला. म्हातारीने तीन मोदक खाल्ले आणि चौथा पर्समध्ये घातला. संध्याकाळी बाबांचा भाईंदरहून फोन आला. तिकडे आरतीला किती माणसं होती हे त्यांनी सांगायच्या आत आईने इकडची गर्दी सांगून टाकली. मला वाटतं दोन-तीन माणसं तिने वाढवलीच.

दीड दिवसाने समुद्रावर विसर्जन झालं. आमच्या रिवाजाप्रमाणे दादाने रिकाम्या पाटावर मूठभर वाळू घेतली, तिकडची ती काळी, खड्यांची वाळू, आणि पाट घरी आणून गणपती बसला होता तिथेच ठेवला. तो समुद्राच्या पाण्याने भिजला होता.

आम्ही निघालो त्यानंतर दहा दिवसांनी. बॅगा मी भरत होते. शाल आली, ताम्हन आलं, बाबांसाठी घेतलेली लोकरीची टोपी आली. पाटाची जागा मी मोकळी ठेवली होती.

"पाट आण," मी आईला म्हणाले.

ती साडीची घडी घालत होती. वर न बघता म्हणाली, "राहू दे. ओला आहे अजून. ओलं लाकूड विमानात नेऊ देत नाहीत."

दहा दिवस तो पाट खिडकीखाली उन्हात होता. खडखडीत वाळला होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दारात उभ्या असलेल्या दादाकडे पाहिलं, आणि बॅगेची चेन लावून टाकली.

आता भाईंदरला बाबांच्या फळीतला एकच पाट आहे. दर वर्षी हरतालिकेला आई दादाला फोन करते. मोदकाच्या पिठाचं विचारते, शेजारच्या मुलींचं विचारते, म्हातारी होती तोवर म्हातारीचं विचारायची. आणि फोन ठेवता ठेवता विचारते, "काय रे, पाट वाळला का?"

"नाही गं आई," दादा सांगतो. "अजून ओलाच आहे."

"बरं," आई म्हणते. "राहू दे मग तिथेच."